शुक्रवारचं पाणी

रुवीच्या हमरियात आमच्या इमारतीला नाव नाही.
खाली शिंप्याचं दुकान, म्हणून शिंप्याची बिल्डिंग;
टॅक्सीवाल्याला एवढं पुरतं.

राउटर माझ्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर.
कंपनीच्या कागदावर नाव एकच, माझं,
आणि कागद म्हणतो : एक घर.
घर म्हणजे किती माणसं, ते कागदाने विचारलं नाही.
मीही बोललो नाही.

बावीस रियाल महिना.
एकट्याने भरायचे तर पंधरा दिवस नुसती डाळ.
म्हणून गच्चीत पाण्याच्या टाकीला
बाइंडिंग वायरने आवळलेला एक डबा,
उन्हासाठी त्यावर आइस्क्रीमचं पालथं खोकं,
आणि जिन्याच्या गजांतून उतरत गेलेली निळी तार.
अकरा खोल्या. खोलीमागे दोन.

वही माझ्याकडे, कारण मी एसीवाला;
तारेचं काही असलं की ते मलाच कळतं, असा समज.

पासवर्ड दर महिन्याला नवा,
ज्याची बारी, त्याच्या भाषेतला.
सुकुमारनने जास्वंदीचं नाव दिलं
आणि त्यात र किती, यावर
अख्खी इमारत दिवसभर ठप्प.
मी दिला : चिबूड.
टीकारामने विचारलं, म्हणजे काय?
म्हटलं, एक फळ. पिकलं की घरभर वास,
पण गावाबाहेर नेता येत नाही. वाटेतच फुटतं.

घोटाळा शुक्रवारचा.
सगळ्यांना आपापली माणसं त्याच संध्याकाळी हवीत,
मग कुणाचंच माणूस धड येत नाही.
सुकुमारनची आई अर्धी हसून थांबलेली,
शफीकुलच्या पोराचा हात हवेत, हातात काय ते कळेना,
आणि दिलावर पारकर चौथ्या मजल्यावरून ओरडतोय,
कोण रे तो क्रिकेट बघतोय, बंद कर!
(तो स्वतःच बघत असायचा. नंतर सापडलं.)

मग वहीत मी रेघा मारल्या.
चार ते साडेचार अमुक, साडेचार ते पाच तमुक.
भाडं न्यायला आलेल्या खलफानने वही उलटसुलट पाहिली,
मोडक्या हिंदीत म्हणाला, अरे, हा तर फलज.
त्याच्या गावी डोंगरातून पाट येतो,
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर
खजुराच्या बागांना पाणी वाटतात.
तुझा अर्धा तास, आमचा एक आथर.
आणि एक आथर, म्हणाला, कुणाच्याच नावावर नसायचा.

मी गुहागरचा. मला पाट शिकवतो!
पण ते शेवटचं वाक्य घेऊन तो जिना उतरला नाही,
इथेच ठेवून गेला.

त्याच महिन्यात टीकारामची कंपनी बुडाली.
वहीत त्याच्यापुढे दोन महिने कोरे.
दिलावर म्हणाला, नियम म्हणजे नियम,
आणि खरं होतं ते, नियम मीच लिहिला होता.
राउटरच्या यादीत त्याचा फोन दिसत होता, नाव टीका.
समोर लाल बटण. एकदा दाबलं की झालं.
बोट तिथवर गेलं, हे लपवत नाही.

साडेपाच ते सहा मी रिकामं ठेवलं.
कुणाला काही सांगितलं नाही, रेघ तेवढी मारली.
पहिला शुक्रवार तो आलाच नाही.
दुसऱ्या शुक्रवारी दिलावरने वही ओढली, वाचली,
रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं
आणि पाच रियालची नोट आपटून म्हणाला,
सुट्टे नाहीत, राहू दे.

तिसऱ्या शुक्रवारी पाणी आणायला निघालो,
तर जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून टीकाराम.
फोनमधून एक पोरगी भराभर काही विचारत होती,
एकही शब्द न अडकता.

लहानपणी आमच्या पोफळीत
शेजाऱ्याची बारी लागली की आई हाक मारायची,
आणि मी आमच्या दांडात पाय आडवा घालून बसायचो,
थेंबही इकडे वळू नये म्हणून;
पायाला गार लागायचं.

खिशातला फोन काढला, वायफाय बंद केलं
आणि रिकामा कॅन घेऊन
मागच्या जिन्याने उतरलो.