झडती

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या.
ताव उजेडाकडे धरायचा,
पाण्याचा ठसा, तार, आकड्यांची चढण,
एक टिंब हललं तरी अख्खा ताव बाद.
सुटताना गेटवर झडती.
रिकामा डबासुद्धा उघडून दाखवायचा.
मी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

असा मी माणूस
मार्चमधल्या एका दुपारी
‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल’
या एका ओळीला फसलो.
अकरा हजार चारशे.
निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं, एवढंच केलं.
डोक्यावर पंखा फिरत होता. फिरतच राहिला.

मुलाला कळवलं नाही.
कुमुदला सांगितलं. ती म्हणाली,
“बिल तर मी भरलं होतं की पाच तारखेला.”
पुढे काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग जेलरोडवरून रिक्षानं,
जुना संगणक मांडीवर घेऊन,
बिटको चौकात हनीफ कोकणीकडे गेलो.
दुसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान.
त्यानं झाकण काढलं, धूळ फुंकली, म्हणाला,
“काका, यात टाकलेलं सगळं चोरीचं आहे.”
मला घाम फुटला.
प्रेसचा माणूस मी,
नऊ वर्षं घरात बनावट माल ठेवून
रोज संध्याकाळी त्यावर पत्ते खेळत होतो.

“दुसरं टाकतो. त्याला पैसे नाहीत.”
फुकट म्हटलं की माझा हात आपोआप
उजेडाकडे जातो.
कोण देतं? का देतं? त्याचं पोट कशावर?
हनीफ हसला नाही.
“फुकट म्हणू नका, मोकळं म्हणा.
आत काय केलंय ते उघडं लिहून ठेवलंय,
ज्याला कळतं त्यानं वाचावं, चूक काढावी.
माझ्या हाताचे दोनशे.”

हे मला पचेना.
आमच्याकडे कुलूप म्हणजेच गुपित:
कुठली शाई, कुठला साचा,
बायकोलाही सांगायचं नाही.
आणि इथे कुलपाचा नकाशा चव्हाट्यावर टांगलेला,
तरी कुलूप टिकतं म्हणे,
कारण येणारा-जाणारा त्याची झडती घेतो.
पटेपर्यंत श्रावण उजाडला.

आता दर रविवारी, नळाचं पाणी भरून झालं की
सगळ्या फोटोंची, कागदांची एक प्रत काढतो
आणि ती डबी कुमुदच्या शालूखाली ठेवतो.
सुधारणा आल्या की आधी त्या, मग चहा.
पत्ता दिसला की एकेक अक्षर वाचतो, उलटं, शेवटाकडून.
परवा ‘ओ’च्या जागी शून्य सापडलं.
“बाद!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो
की शेजारून गायधनींनी विचारलं, कोण आउट झालं?

पासवर्ड तेवढा राहिला होता.
चार शब्द घ्या, हनीफ म्हणालेला,
एकमेकांशी नातं नसलेले.
सांगायला सोपं.
गोदा म्हटली की घाट येतो,
द्राक्ष म्हटलं की पेटी,
पांडवलेणी म्हटली की नुसता दम लागतो.
या गावात एक शब्द एकटा राहत नाही.
शेवटी जमले. ते इथे लिहीत नाही.

कुमुदला तिचं वेगळं खातं काढून दिलं.
“तोंड भिंतीकडे करा,” ती म्हणाली.
केलं.
कळा वाजत होत्या. मोजायच्या नव्हत्या, तरी मोजल्या: सव्वीस.
बेचाळीस वर्षांत या घरातली
प्रत्येक किल्ली दोघांची, एकाच खिळ्यावर.
ही पहिलीच फक्त तिची.
काय असतील तिचे चार शब्द?
त्यात मी असेन का कुठे?

विचारलं नाही.
गेटवर उभं राहायचो तसा
हात दोन्ही बाजूंना जरा लांब धरून
उभा राहिलो,
ती “वळा आता” म्हणेपर्यंत.