इतर खर्च

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
दिल्लीचा तक्ता आलाय.
आयात शुल्क वाढवायचं की उतरवायचं
ते ठरण्याआधी
किलोमागे खर्च भरून द्यायचा.

बेनिनची बी, बंदराचं भाडं,
बॉयलरचा लाकूडफाटा, वीज, मजुरी.
मॅनेजर मोठ्याने वाचत जातो.
शेवंती मेस्त्री सोलता सोलता ऐकते,
चिकाने जळलेली बोटं राखेत बुडवते.

"सासऱ्याक रात्री दोनदा कुशीर वळवतंय,
ता खंय लिवतलास?"

शेड हसते. मॅनेजरही.
मग उगाच रकाने पुन्हा बघतो.
'इतर'मध्ये चहा बसतो, केरसुणी बसते,
म्हातारा बसत नाही.

शेवंती पदराची गाठ सोडते.
मागच्या पावसाळ्यात गोणीत सापडलेलं
लाल बटण, चण्याएवढं,
तान्ह्याच्या झबल्याचं असावं.
तिकडे कुणीतरी
पोर झाडाखाली निजवून
बिया वेचल्या असतील.

ते ती तक्त्यावर ठेवते.
"ह्या पन खर्चातलाच."

मॅनेजर बटण उचलत नाही,
पुसतही नाही.
त्याच्या पेनाची शाई
'एकूण'शी येऊन थबकलेली.

बाहेर भोंगा होतो.
शेवंती चपला शोधते,
म्हाताऱ्याची पेज अजून व्हायचीय.