खोक्याच्या आतल्या बाजूला

फहाहीलच्या मागच्या गल्लीत, हमजाक्काच्या कार्गोच्या दुकानात
मी खोकी बांधतो. दिवसाला तीस, ईदच्या आधी साठ.
कविताही करतो.
ती ठेवायची कुठे, हे अकरा वर्षं ठरत नव्हतं.

मंडळाच्या स्मरणिकेत एकदा दिली.
पान बेचाळीस. वर सोन्याच्या पेढीची जाहिरात,
खाली दातांच्या डॉक्टरांच्या शुभेच्छा,
मधे मी, अंग चोरून.
लोकांनी आपापले फोटो शोधले
आणि त्या पानावर गरम बटाटेवडे ठेवले.
एका वड्याच्या बुडाला माझं अर्धं कडवं उमटलं.
तेवढं मात्र कुणाच्या तरी पोटात गेलं.

मग भाच्यानं, पुष्करनं, फोनवर सगळं लावून दिलं.
मामा, रोज टाकायचं, थोडकं टाकायचं,
मागे समुद्र ठेवायचा.
समुद्र होताच. रिफायनरीची ज्योतही होती,
पण ती म्हणे लोकांना आवडत नाही.
सदतीस अंगठे आले, त्यातले नऊ हमजाक्काच्या भावकीचे,
मराठीचं अक्षर न येणारे, मनानं चांगले.
अंगठे कमी आले की मी ओळ कापायचो,
जास्त आले की तीच ओळ पुन्हा लिहायचो.
चार महिन्यांनी सगळं सलग वाचलं
तर मी कुठेच नव्हतो,
नुसता समुद्र.

मोनिरुल म्हणाला, जिन्याच्या भिंतीवर लिही, येता-जाता वाचतील.
बलदियावाले आले आणि पांढरा रंग मारून गेले,
माझ्या ओळींवर आणि
‘एक बेड भाड्याने’च्या नंबरवर,
अगदी सारख्या हातानं.

ऑगस्टमधली दुपार. चिकटपट्टी धरत नव्हती.
परकारचं खोकं: दोन ब्लँकेटं, दुधाची पावडर, पिस्ते, बाम,
आणि दोऱ्यानं माप घेऊन आणलेली अम्मीची चप्पल.
नाव-गाव घालायचा मार्कर हातात होता,
झाकणाची आतली बाजू कोरी होती.
लिहिलं:

    ही चप्पल हातांत घालून
    तुमचा मुलगा इथे टेबलावर
    चालवून बघत होता.
    दुकानात हसले सगळे.
    तो खेडपर्यंत चालला.

पट्टी मारली. वजन केलं. अडतीस किलो चारशे.
आधीही तेवढंच होतं.

नंतर सवयच लागली.
सिस्टर ब्लॉसम तुस्कानोच्या वसईच्या खोक्यात,
देवरुखच्या, म्हसळ्याच्या, आणि पत्त्यात
‘पिंपळाजवळ, कुणालाही विचारा’ एवढंच असलेल्या एका खोक्यात.
जहाजाला चाळीस दिवस लागतात.
कुणी वाचलं का, कळायची सोय नाही,
त्यामुळे हात सैल सुटला.
एक कविता लांबली, झाकणावर मावेना.
अर्धी परकारच्या दुसऱ्या खोक्यात गेली,
अर्धी समोर जे आलं त्यात.

फेब्रुवारीत परकार आला. काउंटरवर फोन ठेवला.
अम्मीचा आवाज, मागे कोंबड्या:
‘त्या बांधनाऱ्याला इचार, फुडचा खय हाय?’
तिनं झाकण कापून ठेवलंय म्हणाला.
तांदळाच्या डब्यावर बरोबर बसतं.
म्हणजे कवितेसाठी ठेवलं की डब्यासाठी,
मी विचारलं नाही.

पुढचं वसईला गेलं होतं. माझ्याकडे प्रत नाही.
सिस्टर ब्लॉसमला फोन लावला तर नाइट ड्यूटी,
मग म्हणाली, आईला विचारते,
पण पुठ्ठा बहुतेक कोंबडीखाली गेला, उबवणीला घातलीय.

हमजाक्काला हे सगळं कळलं. वाटलं, पुठ्ठा खराब करतो म्हणून ओरडेल.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पावतीबुक चाळलं,
बराच वेळ हिशेब केला आणि म्हणाला,
मल्याळममध्ये जमेल का?
कोळिकोडला खोकी जास्त जातात.

आज परकारचं तिसरं खोकं आहे. ब्लँकेट नाही, पंखा आहे.
आधीचं काय होतं ते आठवत नाही.
झाकण उघडं धरून मी उभा आहे.
मोनिरुल पट्टीचं टोक दातात धरून वाट बघतोय.