शेवटचा अंक

चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ,
वहीत एकच रक्तदाब:
एकशे तीस, खाली ऐंशी.
एकशे तीस, खाली ऐंशी.
पाढा म्हटल्यासारखा.

अबेनाने, आमच्या अभ्यासाच्या नर्सने,
वही टेबलावर ठेवली. बोलली काही नाही,
नुसतं बोट ठेवलं शून्यांवर.
खरं यंत्र असं वागत नाही.
त्याला तीन आवडतो, सात आवडतो,
कुणाच्याच सोयीचे नसलेले आकडे.
माणूस मनाने लिहायला बसला की
शून्यावर येऊन टेकतो,
दमलेला पारावर टेकावा तसा.

मला हे ओळखता येतं, कारण मिरजेला
जर्नल द्यायच्या आदल्या रात्री
आम्ही सहाजणींनी एक बेडूक वाटून घेतला होता,
आणि त्याच्या हृदयाचे ठोके मी
मैत्रिणीच्या वहीतून उतरवले होते,
दोन-दोन इकडेतिकडे करून.
मी निदान दोन-दोन तरी केले.

विनिफ्रेड थ्रेलफॉल, वय एकोणऐंशी.
फ्लीटवुडच्या गोदीवर बत्तीस वर्षं मासे साफ केलेले हात,
डाव्या अंगठ्यावर सुरीची जुनी खूण.
संमतीपत्राच्या नवाच्या नऊ पानांवर
सावकाश, शाळेतल्यासारखी सही.
हिला विचारायचं कसं?
दहा मिनिटांची वेळ, बाहेर सातजण.
वारा खिडकीला धडका देत होता.
वळणावर ट्राम किंचाळली.

"यंत्र नीट चालतं ना?"
"झकास चालतं, डॉक्टर."
"मग हे आकडे?"

ती वहीकडे बघत राहिली. मग चष्मा काढला,
जणू खोटं तोच बोलला होता.

"पट्टा बांधते मी. रोज, दोनदा.
तो फुगतो, दंड धरतो घट्ट,
मग हळूहळू सोडतो.
आर्थर गेल्यापासून दंडाला धरलेलं नाही कुणी.
म्हणून डोळे मिटून बसते.
उघडेपर्यंत आकडा विझलेला असतो.
पुन्हा दाबावं तर बॅटरी जाणार, ती तुमची.
तुम्हीच म्हणाला होतात, एकशे तीस चांगला.
म्हटलं, तुमचं चांगलं होऊ दे."

नियमावलीत यासाठीही रकाना आहे.
मी तो भरला. भरायलाच हवा होता.
तीनशे बारा माणसांच्या सरासरीत
एका बाईची माया मिसळली
तर औषध आहे त्याहून गुणी दिसणार,
आणि उद्या ते गिळणार कुणी तिसराच,
ज्याने आपल्याला कधी पाहिलंही नाही.

मग भिंतीवरचं जुनं यंत्र काढलं,
रबरी फुगा हाताने दाबायचं.
पट्टा बांधला. स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत.
एकशे त्र्याहत्तर, खाली सत्त्याण्णव.
पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, असा नियम.
थांबले.
तिचे डोळे मिटलेले होते.
बेव्हर्लीने दारावर टकटक केली. एकदा. पुन्हा एकदा.
हवा मी जरा जास्तच सावकाश सोडली.
एकशे एकोणसत्तर.
औषध वाढवलं, पंधरा दिवसांनी बोलावलं,
अभ्यासासाठी नाही, असंच.

दोन वर्षांनी निबंध छापून आला.
तक्ता दोनच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक सहभागी वगळली. नोंदी अविश्वसनीय.
मी तो शब्द दोनदा वाचला,
दोन्ही अर्थांनी.

विनिफ्रेडला पान दाखवलं.
तिने चष्मा लावला, तळटीप बोटाने शोधली.
"ही मी?"
"तुम्ही."
"म्हणजे छापलं तर," ती म्हणाली,
आणि बाही वर सरकवली.