हातचं राखून

पावणेतीन तास ट्रक चालवला,
ग्लेनडाइव्हपासून फोर्ट पेकच्या तळ्यापर्यंत,
मागे कॅम्पर, दोन्ही अंगाला कापलेला गहू,
आणि पोचल्यावर मीटर लावला तर
कॅम्परच्या बॅटरीत बारा पूर्णांक एक.
निघतानाही बारा पूर्णांक एकच होतं.

ऑरिन घडीच्या खुर्चीत बसून म्हणाला,
"जुन्या ट्रकनं असं केलं नसतं."
जुन्या ट्रकनं बरंच काही केलं नसतं.
हीटरसुद्धा चालू केला नसता.

पण खरं आहे त्याचं.
त्या ट्रकचा अल्टरनेटर अडाणी होता, देत सुटायचा,
स्वतःची बॅटरी तुडुंब झाली तरी देतच राहायचा.
हा नवा शहाणा.
ह्याच्या डोक्यावर संगणक बसलेला.
इंजिनाची बॅटरी भरली की म्हणतो, झालं,
आणि हात आखडता घेतो
डिझेलचे चार थेंब वाचवायला.
मागे कुणी उपाशी आहे
हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि जे निघतं तेही पोचत नाही.
बंपरखालच्या सात पिनांच्या प्लगमधली ती तार
बुटाच्या नाडीहून बारीक,
तीस फूट लांब.
आडात आहे, पोहरा गळका.

त्या रात्री अडीच वाजता
ऑरिनचं श्वासाचं यंत्र एकदा शिटी मारून बंद पडलं.
मी ट्रक सुरू केला, हेडलाइट लावले.
(हेडलाइट लावले की शहाणा जरा बिचकतो,
व्होल्ट वाढवतो.
लॅव्हर्ननं कधीतरी दुकानात काउंटरवर सांगितलेली युक्ती.)
उजेड थेट पाण्यावर पडला,
पलीकडच्या काठावर कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.
उजाडेपर्यंत मी स्टीअरिंगपाशी बसून होते.
मागे यंत्र: आत, बाहेर. आत, बाहेर.

एकतीस वर्षं हा माणूस विजेच्या खांबांवर चढला.
हिमवादळात अख्ख्या काउंटीला उजेड देऊन घरी यायचा,
आणि आमच्या पोर्चचा दिवा
तीन-तीन महिने गेलेला असायचा.
मी कधी विचारलं नाही, कुठे कमी पडतं.
तार लांब होती, एवढं कळत होतं.

घरी आल्यावर लॅव्हर्नकडून पेटी आणली,
पावाच्या लादीएवढी,
मिळेल तो व्होल्ट उचलून चौदा पूर्णांक चारला नेणारी.
करंगळीएवढी तांब्याची केबल.
दोन्ही टोकांना फ्यूज.
दोन दिवस ट्रकखाली पाठ घासली.
ऑरिननं हात लावला नाही.
त्याचे हात आता थरथरतात, आणि मला ते दिसतं
हे त्याला माहीत आहे.

फक्त निगेटिव्हची तार मी
बॅटरीच्या खुंटावरच कसायला गेले
तेव्हा काठी टेकत आला.
"तिथं नको. चासीला."

त्या खुंटावर बोटभर सेन्सर असतो,
कारकून म्हणा,
किती गेलं, किती आलं, लिहीत बसलेला.
"त्याला वळसा घालू नकोस," ऑरिन म्हणाला,
"त्याच्या समोरून जाऊ दे.
गेलेलं कळलं तरच तो भरून देतो."
एवढं बोलून धाप लागली,
परत खुर्चीत जाऊन बसला.

मी नट सैल केला.
चासीवरचा रंग खरवडला,
चकचकीत लोखंड दिसेपर्यंत,
आणि तिथं कसला.

परवा पुन्हा तळ्यावर गेलो.
मीटर म्हणाला, बारा पूर्णांक नऊ.
ऑरिननं चष्मा वर सारून आकडा दोनदा वाचला,
मग केबल चिमटीत धरून पाहिली.
"जरा जास्तच जाड घेतलीस," म्हणाला.
"हो," मी म्हटलं.

बंद केलेलं इंजिन बराच वेळ
टक् टक् करत निवत होतं.