आठ वाजताचा आकडा

पाटबंधारे खात्याच्या वहीत माझं अक्षर आहे.
गंगाखेडचा घाट, दर तासाला दगडी पट्टी,
बॅटरी मारायची, आकडा लिहायचा.
माझ्यापुरता पूर एवढाच,
दशांश चिन्हासकट.

मुंजाजी भोयाचा पूर निराळा.
रेल्वेपुलाच्या तिसऱ्या खांबाला गंगा धडकली
की पलीकडं पाणी उभं राहतं.
वाहत नाही. उभंच.
दीड पुरुष उंच, मातकट,
माथ्यावरून फेस उधळत.
त्याला तो वळू म्हणायचा.

गिरणीच्या मोडक्या दाराची फळी,
दोन्ही अंगांना वाळले भोपळे.
"तोंडावर जाऊ नी त्याच्या.
पाठ दिसली की बसावं, बसलं की उठावं,
उठल्यावर मंग इचार करू नी."

मी विचार करायचो. पगारी माणूस.
काठावरून बघायचो :
गुडघे जरासे मोडलेले, हात पसरलेले,
खाली गंगा सुसाट
आणि तो जागच्या जागी.
माझ्या घड्याळात चाळीस सेकंद.
तेवढ्यात त्याच्या शेजारून गेली
एक पत्र्याची पेटी,
फुगलेली म्हैस,
आणि मुळासकट उपटलेली बाभळ,
हातभर अंतरावरून, काटे त्याच्याकडं करून.

एकदा भोवऱ्यानं नेला.
फळी सापडली, एक भोपळा सापडला.
कौसाबाईनं घाटावर उभं राहून शिव्या दिल्या
गंगेला, मला, माझ्या वहीला.
दिवेलागणीला पालमच्या एसटीतून उतरला तो,
कानातून रक्त, अंगावर कुणाचा तरी सदरा.
"कंडक्टरनं तिकिट घेतलं न्हाई," म्हणाला
आणि हसताना दात वाजत होते त्याचे.
भ्यालास का, विचारलं.
"भ्यालो की. मंग कशापायी जातो म्हंतोस?"

त्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.
मी डाव्या बाजूला बसू लागलो.

पुढल्या भादव्यात तो सोयरिकीला गेला होता.
फळी गिरणीमागं भिंतीला टेकून.
पाऊस नव्हता. वरच्या धरणाचं पाणी होतं.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही.
घड्याळ काठावर, चपलेत ठेवलेलं.
पायाखाली काहीतरी जिवंत फिरलं,
पूल वर, मी त्याच्याहून वर असं वाटलं,
आणि तोंडात चिखलाची चव,
अजून येते कधी कधी, चहा पिताना.

वही तपासायला साहेब आले.
आठचा रकाना मोकळा का?
म्हणालो, बॅटरी उतरली होती.
सकाळचे आठ होते.
साहेबांनी माझ्या सोललेल्या कोपरांकडं पाहिलं
आणि सही केली.