अर्धा गेट

पतसंस्थेच्या माणसानं नोटीस चिकटवली
मैदानाच्या फाटकावर, आमच्या डोळ्यांदेखत.
खळ आमच्याच टपरीवरची.
साखर पेठ स्पोर्टिंग, येणे निरंक,
देणे अकरा लाख चौसष्ट हजार.
एप्रिलच्या उन्हात कागद बघता बघता वाळला,
कोपरे वर आले.

आम्ही रेल्वे लाइन्सवाले. आम्ही हसलो.
खोटं कशाला, सगळ्यांत आधी मीच हसलो.
एकोणतीस वर्षं त्यांच्या गोलपोस्टमागे उभा राहून
त्यांच्या गोलकीपरचं खानदान काढलेला माणूस मी.
आता त्यांचं वीजबिल थकलेलं, बूट उसने,
बॉलसुद्धा म्हणे हप्त्यावरचा.
'पेढे सांगा बे,' मल्लिनाथ म्हणाला.

समोरच्या बाकावर बोमड्यालांचा अंबादास,
मागावरनं उठून तसाच आलेला,
भुवयांत रुई.
'खावा की पेढे. पण त्र्याण्णवची फायनल कुणी जिंकली
ते सांगून खावा.'

झालं. पेटलं.
चेअरमननं खाल्ले.
चेअरमननं घातले बे, दोन माग विकून घातले.
पुण्याचा स्ट्रायकर कशाला पाहिजे होता?
आणि तुमचा तो मिरजेचा?
मध्यंतराला जेवायला गेला, अजून जेवतोय.
बक्षिसाला चादरी देत होता तेच बरं होतं,
रोख द्यायला लागला अन् बुडाला.
बुडालो नाही. थकलोय.
फरक काय?
फरक हाय.

मल्लिनाथ उठून कागद मोठ्यानं वाचायला लागला,
लग्नात आहेर वाचतात तसा.
लिलावास: रोलर एक. जाळ्या दोन जोड.
जर्सी बावीस, पैकी चौदा विटक्या.
ढोल एक, फुटका.
(ढोल आमच्या दगडानं फुटलेला. कुणी काही बोललं नाही.)
मग देणेकरी:
मैदान भाडे, मंडपवाला, सोडा वॉटर,
हाडवैद्य,
आणि सतराव्या ओळीवर तो अडखळला.
'रेल्वे लाइन्स फुटबॉल क्लब. अर्धा गेट. रुपये आठशे चाळीस.'

आमचेच पैसे. कुठल्या तरी सामन्याच्या तिकिटांतला वाटा.
आम्ही विसरलो होतो.
त्यांच्या वहीत होता.

'सोडून देऊ,' मी म्हणालो. माझ्याच तोंडून गेलं.
अंबादास उभा राहिला.
इतक्या वर्षांत मी आईवरनं बोललो तेव्हा नाही चिडला,
तेवढा आता.
'आठशे चाळीस सोडशील तर याद राख.
आम्ही काय झोळी घेऊन आलोय?'

तेव्हा दस्तगीरचाचा बोलले,
आमचे जुने सेक्रेटरी, ऐकायला कमी येतं,
त्यामुळे भांडणात नेहमी शेवटी पोचतात.
'ज्याचं येणं आहे त्याला मीटिंगला खुर्ची असते.
खुर्ची असली की हात वर करता येतो.
हात वर झाले की लिलाव पुढं जातो, दिवाळीपर्यंत तरी.
म्हणून वसूल करायला जायचं. कडक.
एक पैसा सोडायचा नाही.'

मल्लिनाथला पटलं नाही.
त्याला तो रोलर पाहिजे.
आपल्या बाजूचं मैदान किती खडबडीत आहे
हे तो बराच वेळ सांगत राहिला,
आणि ते खरंही आहे.

मीटिंग गुरुवारी अकराला.
कोण जाणार ते ठरलं नाही.
समजा हात वर केला आणि दिवाळीही गेली, मग?
चाचांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

चौदा चहा झालेले.
अंबादासनं त्यांच्या सातांचे मोजून काढले,
दोन रुपये कमी पडले.
'लिहून ठेव,' म्हणाला.
टपरीवाल्याला नाही, मला.
मग सायकलला टांग मारून दहा पावलं गेला,
थांबला, पाय टेकला,
आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला,
'अन् तो बॉल लाइनच्या आत होता बे!'

नव्हता.